आधी अंधार, मग बल्ब: व्हर्च्युअल पिनबॉल टेबलचे दिवे लावताना

आमच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात डायल बल्ब आहेत, व्हॉल्व्हच्या रेडिओत स्टेशनांच्या काचेमागे लागायचे ते, 6.3 व्होल्टचे. बाबांनी कोल्हापुरात आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ गेले, डबा राहिला. संगणकावर पिनबॉलचं टेबल बनवताना माझे दिवे काही केल्या खरे वाटेनात, तेव्हा मूळ मशिनांत कोणते बल्ब असतात ते मी शोधलं. 44 आणि 47 नंबरचे. दोन्ही 6.3 व्होल्टचे, पहिला 0.25 अँपिअर घेणारा, दुसरा 0.15. म्हणजे शिकागोच्या कारखान्यांनी पिनबॉलच्या पोटात जे खोचले ते रेडिओच्या डायललाही चालणारेच बल्ब. मी स्टूल लावून डबा खाली काढला.

तेव्हापासून एडिटरमधला प्रत्येक लाइट मी बल्ब समजूनच ठेवते. तो कुठे खोचलाय, त्याच्यावर कोणतं प्लास्टिक आहे, तो पेटायला किती वेळ घेतो, एवढं ठरलं की आकडे फार छळत नाहीत. पुढे लिहिलेलं सगळं व्हिज्युअल पिनबॉल एक्सबद्दल आहे, म्हणजे संगणकावर पिनबॉलची टेबलं बनवायच्या आणि खेळायच्या सॉफ्टवेअरबद्दल. रँडी डेव्हिस यांनी 2000 साली व्हिज्युअल पिनबॉल बाहेर आणलं, 2010 मध्ये त्याचा कोड खुला झाला, आणि आजही ते फुकट मिळतं. टेबल कसं उभं करायचं, फ्लिपर (बॉल उडवणाऱ्या पट्ट्या) कुठे लावायचे, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते.

माझं टेबल आंबा घाटाचं आहे. रात्र, पाऊस, रत्नागिरीकडे उतरणारा रस्ता, पुढे चाललेल्या ट्रकचे लाल दिवे. अशा विषयात दिवे चुकले की टेबलच चुकलं.

सगळं बंद करा

नवीन टेबल उघडलं की एडिटर तुम्हाला बऱ्यापैकी उजेड आधीच देऊन ठेवतो, आणि सुरुवातीला सगळी फसगत इथेच होते. त्या उजेडात आपण आपले दिवे लावत जातो, ते फिके दिसतात, मग त्यांची इंटेन्सिटी, म्हणजे तेज, वाढवतो, मग शेजारचे फिके पडतात. महिनाभर मी हेच केलं. शेवटी टेबल लग्नाच्या मांडवासारखं लखलखायला लागलं आणि त्यात बॉल दिसेना.

म्हणून टेबलच्या गुणधर्मांत जा आणि मूळ उजेड मारून टाका. वर टांगलेले दोन दिवे असतात, टेबलच्या मधल्या रेषेवर, लांबीच्या एक तृतीयांशावर आणि दोन तृतीयांशावर. त्यांचं एमिशन, म्हणजे ते देतात तो उजेड, शून्य करा. एन्व्हायर्नमेंट एमिशन, म्हणजे भोवतालच्या खोलीच्या चित्रातून येणारा उजेड, तोही शून्य. अँबियंट, म्हणजे सगळीकडे सारखा पसरणारा उजेड, त्याचा रंग काळा. तुम्ही ठेवलेले सगळे लाइट ऑफ. आधीचे आकडे मात्र वहीत लिहून ठेवा.

आता टेबल चालवून बघा. मिट्ट काळोख हवा. एखादा रॅम्प (बॉल चढतो तो उतार), एखादी बाहुली तरीही चमकत असेल तर तिच्या डिसेबल लायटिंगमध्ये कुठलातरी आकडा भरलेला आहे. हा आकडा जितका 1 कडे जातो तितकी ती वस्तू दिव्यांना जुमानत नाही, स्वतःच्या चित्राच्या उजेडात दिसत राहते. दुसऱ्याच्या टेबलातून उचललेल्या वस्तूंत हे फार सापडतं. माझ्या घाटातला मैलाचा दगड असाच रात्रभर जळत होता, आणि मी दोष देत होते त्याच्या शेजारच्या बल्बला.

फूटपट्टी

या सॉफ्टवेअरचं स्वतःचं एकक आहे. बॉलचा व्यास 50 एकक. खरा बॉल 1 इंच आणि एक सोळांश, म्हणजे साधारण 27 मिलिमीटर. त्यामुळे एक एकक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठं, 0.54, आणि एक इंच म्हणजे 47 एकक. हे गणित एकदा डोक्यात बसलं की फॉलऑफचा आकडा अंदाजपंचे टाकावा लागत नाही, कारण फॉलऑफ म्हणजे प्रकाश जिथे संपतो तिथपर्यंतचं अंतर, याच एककांत.

मी ते मोजलं. चार पेन्सिल सेलच्या खोक्यावर (चार गुणिले दीड, 6 व्होल्ट) डब्यातला एक बल्ब लावला, तो पांढऱ्या कार्डशीटच्या भोकातून दीड सेंटिमीटर वर काढला आणि दुकानातले दिवे घालवले. कागदावर उजेडाचं जे वर्तुळ पडलं त्याची डोळ्याला दिसणारी कड साधारण साडेआठ सेंटिमीटरवर होती. 85 भागिले 0.54, म्हणजे 157. माझ्या टेबलातल्या सुट्या बल्बचा फॉलऑफ 160 आहे तो इथून आला. त्याआधी मी 400 ठेवला होता. तुमच्याकडे असा बल्ब नसेल तर सायकलच्या डायनॅमोच्या पुढच्या दिव्याचा जुना, पिवळा बल्ब चालेल. एलईडी नको, त्याचा उजेड समोर फेकला जातो, चौफेर पसरत नाही.

जीआय

जनरल इल्युमिनेशन, बोलताना सगळे जीआयच म्हणतात. प्लास्टिकांच्या खाली, रबरांच्या मागे, खेळ चालू असेपर्यंत जळत राहणारे बल्ब. टेबलची रात्र हे ठरवतात.

काळोखात एकच जीआय लाइट चालू करा. डाव्या फ्लिपरच्या वरचा, स्लिंगशॉटच्या, म्हणजे बॉल झटक्याने परत फेकणाऱ्या तिकोनी रबराच्या, आतला घ्या. रंगाला मी 255, 169, 87 देते, हा साधारण 2700 केल्व्हिनचा, तापलेल्या तारेचा पिवळा आहे. फॉलऑफ पॉवर 2. ती वाढवली की उजेड बल्बपाशीच दाटतो आणि लवकर विरतो.

आता आकार. लाइटला जी बहुभुज हद्द असते तिच्या बाहेर प्रकाश पडत नाही, एकदम तुटतो. हद्द फॉलऑफपेक्षा लहान राहिली तर प्लेफील्डवर, म्हणजे बॉल धावतो त्या फळीवर, कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसते. नवशिक्या टेबलात ही रेघ मला लांबूनही ओळखू येते. पण हीच गोष्ट तुमच्या बाजूने वापरता येते, कारण इथला साधा लाइट भिंतींमुळे अडत नाही. खऱ्या मशिनमध्ये लाकडी पट्टीच्या पलीकडे सावली असते, इथे प्रकाश सरळ आरपार जातो. म्हणून जिथे भिंत आहे तिथे हद्दीचे बिंदू ओढून भिंतीला चिकटवायचे, आणि जिथे मोकळं आहे तिथे फॉलऑफच्या बाहेर सोडायचे. खांबामागे हद्दीत एक अरुंद खाच दिली की खांबाची सावली मिळते. माझ्या टेबलात 26 जीआय बल्ब आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. या कामाला दोन रविवार गेले आणि टेबलला खोली आली ती इथेच. बाकीच्या कुठल्याही आकड्याने एवढा फरक पडला नाही, म्हणून घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

मॉड्युलेट विरुद्ध ॲड अशी एक पट्टी आहे. 1 कडे नेली की प्रकाश खालच्या चित्राचा रंग राखून त्याला उजळतो, 0 कडे नेली की वरून नुसता उजेड ओतल्यासारखा होतो आणि चित्र धुरकट पडतं. जीआयला मी 0.9 च्या आसपास ठेवते. धुक्यातल्या बल्बला, घाटमाथ्याच्या तीन बल्बना, मुद्दाम 0.4. पाऊस पडून गेल्यावर आंब्यात दिवे कसे पसरतात ते ज्याने बघितलंय त्याला हे पटेल.

वरच्या प्लास्टिकांतून उजेड झिरपायला हवा असेल तर दोन ठिकाणी हात घालावा लागतो. लाइटचं ट्रान्समिट शून्याच्या वर न्या, मी 0.5 पासून सुरू करते. आणि त्या प्लास्टिकचं ‘डिसेबल लायटिंग फ्रॉम बिलो’ बघा: 0 म्हणजे खालून पूर्ण प्रकाश येऊ देतो, 1 म्हणजे अजिबात नाही. एकच बदलून दुसरं विसरलात तर काहीच घडल्यासारखं दिसत नाही.

एक बल्ब मनासारखा झाला की त्याच्या नकला करा, आणि सगळे जीआय एका कलेक्शनमध्ये घाला, म्हणजे स्क्रिप्टमधून एका फेरीत सगळे चालू-बंद करता येतात. मी तीन कलेक्शन केली: खालचा, मधला, घाटमाथा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या विल्यम्स कंपनीच्या मशिनांत, डब्ल्यूपीसी नावाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर, जीआयच्या पाच वेगळ्या माळा असायच्या आणि त्या मंद करता यायच्या. माझ्या टेबलात ट्रकला गाठलं की फक्त घाटमाथा विझतो, आणि खेळणाऱ्याची नजर न सांगता वर जाते.

इन्सर्ट

प्लेफील्डमध्ये बसवलेले रंगीत प्लास्टिकचे बाण आणि गोल, ज्यांच्या खाली बल्ब असतो, ते इन्सर्ट. खेळाडूशी टेबल बोलतं ते इन्सर्टमधून. स्टीव्ह रिची यांनी रचलेल्या 1986 च्या ‘हाय स्पीड’ या मशिनमध्ये प्लेफील्डवर वाहतुकीचा सिग्नल आहे. टार्गेट मारत गेलं की तो हिरव्यावरून पिवळा, पिवळ्यावरून लाल होतो, आणि लाल झाला की सिग्नल तोडून रॅम्पवर पळायचं. नियम वाचायची गरजच नाही. अशी गोष्ट सांगायची तर इन्सर्ट जीआयपेक्षा स्पष्ट उजळ हवेत, म्हणून क्रम सोडू नका: आधी जीआय पूर्ण करा, मग ते चालू ठेवून इन्सर्ट लावा.

इन्सर्टच्या लाइटची हद्द प्लास्टिकच्या आकाराचीच ठेवा. फॉलऑफ मात्र केंद्रापासून सगळ्यात लांबच्या टोकापेक्षा थोडा जास्त, म्हणजे बाणाचं टोक काळं राहत नाही. एक इंची गोलाला मी 30 ते 35 देते. आणखी एक, मोठा आणि अगदी मंद लाइट त्याच केंद्रावर ठेवते, फॉलऑफ 90, इंटेन्सिटी मुख्य लाइटच्या दहाव्या हिश्शाची. आजूबाजूच्या चित्रावर सांडणारा तो उजेड नसेल तर इन्सर्ट स्टिकरसारखा दिसतो.

लाइटला दोन रंग देता येतात, एक कडेचा आणि एक भर केंद्राचा. लाल इन्सर्टला कड गडद लाल आणि केंद्र नारिंगीकडे झुकणारं. खाली पिवळा बल्ब आणि वर लाल प्लास्टिक ही जोडी अशीच दिसते. आता निळ्याचं. तापलेल्या तारेच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे जुन्या मशिनांत निळे इन्सर्ट अंधुकच दिसतात. ते खरं आहे, ते तसंच ठेवा. हे मी बाबांना विचारून पक्कं केलं. डब्यातल्या बल्बवर त्यांनी निळा जिलेटिन कागद धरला आणि म्हणाले, “बघ की, हिरवट दिसतंय. निळं कुठाय यात?” माझ्या टेबलातले निळे इन्सर्ट तेव्हापासून किंचित हिरवट आणि मंद आहेत. एलईडी लावलेल्या नव्या मशिनची नक्कल करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे निळा धारदार चालतो.

सगळ्या इन्सर्टना एकच इंटेन्सिटी देऊ नका. डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ लागतो, लाल त्याहून बराच कमी, निळा सगळ्यात कमी. पांढरे आणि पिवळे इन्सर्ट त्याच आकड्यावर लालाला गिळून टाकतात. मी लालाला 20 धरून पिवळ्याला 12 आणि पांढऱ्याला 10 देते.

पेटणं आणि विझणं

हे लिहायला मी सकाळपासून उत्सुक आहे. तार लगेच पेटत नाही. तापायला वेळ घेते, निवायला त्याहून जास्त. पिनबॉलचे जुने बोर्ड या आळसावरच चालायचे. 64 दिव्यांची जाळी, आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळी, आणि एका क्षणी एकाच उभ्या ओळीला वीज. म्हणजे प्रत्येक बल्बला आठातला एक भाग वेळ. म्हणून 6.3 व्होल्टच्या बल्बला तिथे 18 व्होल्ट देतात. 18 ला आठाच्या वर्गमुळाने भागलं की 6.36 येतात. बाबांनी हे गणित पाकिटाच्या मागे स्वतः करून बघितलं आणि तो कागद अजून काउंटरच्या काचेखाली आहे. पुढच्या पाळीपर्यंत तार गरम राहते, म्हणून दिवा सलग दिसतो.

तुमच्या टेबलातले दिवे जर झटक्यात चालू-बंद होत असतील तर बाकी सगळं बरोबर असूनही ते खोटे दिसतात. फेड स्पीड अप आणि डाउन हे दोन आकडे त्यासाठी आहेत. त्यांचा अर्थ साधा: दर मिलिसेकंदाला इंटेन्सिटी कितीने बदलते. इंटेन्सिटी 20 आणि वेग 0.2 असेल तर पूर्ण पेटायला 100 मिलिसेकंद. यातला खड्डा असा, की नंतर इंटेन्सिटी 40 केली आणि वेग तोच ठेवला तर पेटायला 200 लागतात, आणि दिवा सुस्त का झाला ते कळत नाही. इंटेन्सिटी बदलली की वेगही त्याच पटीत बदला.

किती वेळ ठेवायचा? फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमवर, मी बल्ब पेटवून आणि विझवून चित्रित केला. एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. माझा बल्ब 20 फ्रेममध्ये भरला आणि 35 मध्ये विझला, म्हणजे 80 आणि 140. यासाठी बॅटरीच वापरा. ट्रान्सफॉर्मरवर बल्ब लावला तर आपल्याकडच्या 50 हर्ट्झमुळे स्लो मोशनमध्ये तो सेकंदाला शंभरदा थरथरतो आणि मोजता येत नाही. 20 इंटेन्सिटीच्या लाल इन्सर्टला त्यावरून वर जाताना 0.25 आणि खाली येताना 0.14 मिळाले. 10.8 आवृत्ती वापरत असाल तर फेडरमध्ये इनकॅन्डेसंट असा पर्याय मिळतो, तो आधी लावून बघा, उतरण सरळ रेषेपेक्षा तारेच्या जवळ जाते.

लुकलुकणाऱ्या दिव्याला एक आणि शून्यांची माळ देतात, 10 अशी. एका अंकाला 125 मिलिसेकंद. इथे बहुतेक जण 10 तसंच ठेवतात आणि टेबलभर सगळे बाण एकाच ठेक्यात लुकलुकतात. ट्रकच्या इंडिकेटरला मी 11100 दिलं, वळणाच्या पाटीला 101000. आता वेगळ्या दोन गोष्टी चालल्यात हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं.

फ्लॅशर

फ्लॅशर, म्हणजे क्षणभर जोरात चमकणारे दिवे, कमी ठेवा. माझे चार आहेत, आणि त्यातले दोन विजेसाठी. फ्लॅशर ही वेगळी वस्तू आहे, हवेत तरंगणारा चित्राचा तुकडा, ॲडिटिव्ह ठेवला की मागच्या रंगात मिसळतो. त्याच्यासोबत प्लेफील्डवर एक रुंद लाइट त्याच क्षणी पेटायला हवा, नाहीतर फ्लॅशरचा प्लास्टिकचा घुमट चमकतो आणि खाली काहीच होत नाही. तो लाइट थंड पांढरा ठेवा, कारण पिवळ्या जीआयवर थंड पांढरा पडला की वीज वाटते. घाटात वीज चमकते तेव्हा मी जीआय एका क्षणासाठी विझवते. तेवढ्याने फ्लॅशरची इंटेन्सिटी निम्मी करता आली.

खोलीचा उजेड परत आणा

आता वहीतले पहिले आकडे काढा आणि भोवतालचा उजेड थोडाथोडा वाढवा. बॉल टेबलच्या सगळ्यात काळोख्या कोपऱ्यातून जाताना दिसला की थांबा. एवढीच कसोटी. माझ्याकडे तो कोपरा उजव्या आउटलेनचा, म्हणजे बॉल फ्लिपरला टाळून खाली जातो त्या कडेच्या वाटेचा, होता, आणि मी सुरुवातीला जेवढा उजेड वापरायचे त्याच्या पाचव्या हिश्शात काम झालं. बॉलवर प्रतिबिंब जवळच्या आठच दिव्यांचं पडतं, त्यामुळे दाटीच्या जागी इन्सर्टच्या त्या मंद जोडीदार लाइटचं बॉलवरचं प्रतिबिंब बंद करा, नाहीतर खरे बल्ब रांगेबाहेर जातात.

प्रत्येक बदलासाठी टेबल बंद करून पुन्हा चालवू नका. खेळ चालू असताना डी दाबला की डीबगरची खिडकी येते आणि तिथून लाइट आणि मटेरियल चालत्या टेबलावर बदलता येतात. मी एक हात फ्लिपरवर आणि एक आकड्यांवर ठेवून काम करते.

रंगछटा बदलणारी एलयूटी, 256 बाय 16 पिक्सेलची पट्टी, सगळ्यात शेवटी लावा. दिवे जळके दिसतात म्हणून एलयूटीने झाकू नका, मागे जाऊन इंटेन्सिटी कमी करा. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दिव्याचा प्रकाश आधी भाजून घ्यायची, म्हणजे चित्रातच पक्का करून ठेवायची, पद्धत आता खूप पुढे गेली आहे आणि त्यातल्या सावल्या हाताने होणार नाहीत इतक्या सुंदर असतात. पण तिथेही बल्ब कुठे आणि कोणत्या रंगाचा हे तुम्हालाच सांगावं लागतं.

मग दिवस-रात्रीची पट्टी दोन्ही टोकांना नेऊन एकेक डाव खेळा. दिवसाच्या टोकाला इन्सर्ट ऑन आहे की ऑफ हे ओळखता आलं पाहिजे. माझा निळा तिथे ओळखू येईना. त्याची इंटेन्सिटी मी वाढवली नाही, ऑफ असतानाचं प्लास्टिक जास्त गडद केलं. संध्याकाळी बाबांनी एक डाव खेळला, ट्रकला गाठलं, घाटमाथा विझला आणि त्यांनी मान वर केली. डबा आता माझ्या टेबलावर असतो.